गाडी वापरता कशासाठी?

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे पडली की चाकणपर्यंत जिकडे पाहावं तिकडे माल दिसतो. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमधून मशिनिंग झालेले सुटे भाग क्रेटमध्ये भरून निघतात आणि कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यांच्या गेटवर रांगेत उभे राहतात. चाकणच्या तळेगाव चौकात हे टेम्पो, बंदराकडे निघालेले कंटेनर आणि पाठीवर चौकोनी बॅग लावलेल्या दुचाक्या एकाच सिग्नलला अडकलेल्या असतात. संध्याकाळी हीच दुचाक्यांची गर्दी वाकड, पिंपळे सौदागर, मोशीच्या सोसायट्यांकडे वळते.

यातले कंटेनर बहुधा ट्रान्सपोर्ट कंपन्यांचे असतात. छोट्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे मालक, ड्रायव्हर, हमाल आणि कर्जाचा हप्ता भरणारा हे सगळं बरेचदा एकच माणूस असतो. कारखान्याच्या नोंदीत तो व्हेंडर असतो, ॲपवर पार्टनर. कामगार मात्र तो कुणाचाच नसतो. कामगार कामावर असताना जखमी झाला तर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने (आधी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने) मालकावर जबाबदारी येते. स्वतःच मालक असलेल्याने कुणाकडे बोट दाखवायचं? त्याच्या आणि मोठ्या संकटाच्या मध्ये उभी राहणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे गाडीची पॉलिसी. ती नेमकी काय करते आणि काय करत नाही, हे या माणसांना कुणी बसून सांगत नाही. म्हणून हे प्रकरण.

चौकात पोलीस जो कागद मागतात तो थर्ड पार्टी विम्याचा. आपल्याकडे ही सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आणली आणि ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. आज १९८८ च्या कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं: सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा इतरांना होऊ शकणाऱ्या हानीपुरता विमा असलाच पाहिजे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

दंडाचा हा आकडा लहान आहे आणि तोच घात करतो. दोन हजारांचं चलन भरून सुटता येईल, असा हिशेब करून कितीतरी जण मुदत संपलेल्या पॉलिसीवर गाडी चालवत राहतात. खरा हिशेब वेगळा आहे. समजा, रात्रपाळी सुटल्यावर रस्ता ओलांडणारा एक कंत्राटी कामगार टेम्पोखाली सापडून दगावला. वय ३०, महिन्याची कमाई २०,००० रुपये, घरात त्याच्यावर अवलंबून चार माणसं. नुकसानभरपाई कशी मोजायची याचं सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलं आहे. वर्षाची कमाई २,४०,०००. चाळिशीच्या आतला माणूस, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी तीत ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: २,५२,०००. या वयाला गुणक १७. म्हणजे ४२,८४,००० रुपये, आणि अंत्यसंस्कार वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या. चूक टेम्पोची ठरली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण थेट टेम्पोच्या मालकाला आणि ड्रायव्हरला ही रक्कम द्यायला सांगतं. आपल्या गोष्टीत ते दोघं एकच आहेत. विमा चालू असेल तर ही रक्कम कंपनी भरते. मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टी पॉलिसीत रकमेची वरची मर्यादा घातलेली नसते. विमा नसेल तर गाडी, घर, गावाकडची जमीन, सगळ्यावर टांगती तलवार येते. विमा नसलेली गाडी अपघातात सापडली तर ती विकून त्या पैशातून भरपाई देता यावी, असे नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना दिलेले आहेत.

म्हणजे थर्ड पार्टी हा कागद काढायलाच हवा. पण तो काढला की काम संपलं, ही समजूत मात्र मोडायला हवी.

कुठल्याही मोटार पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा सांगणारा एक परिच्छेद असतो. छोट्या अक्षरात, चार-पाच ओळींचा. खासगी दुचाकीच्या किंवा कारच्या पॉलिसीत तिथे साधारण असं लिहिलेलं असतं: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून इतर मालाची वाहतूक, शर्यती, यांना सोडून कोणत्याही कामासाठी ही पॉलिसी लागू आहे. डिलिव्हरीचं काम यातल्या दुसऱ्या अपवादात सरळ बसतं. जेवणाचा डबा, किराणा, कुरियरचं पाकीट, बेअरिंगचा खोका, हे सगळं दुसऱ्याचा माल आणि पैसे घेऊन केलेली ने-आण. पॉलिसी काढताना ॲपवर चार बटणं दाबली जातात आणि 'खासगी वापर' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्या क्षणापासून माणूस रोज दहा तास एक काम करतो आणि त्याची पॉलिसी दुसऱ्याच कामाची असते.

याचा फटका कुठे बसतो? आधी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत. ज्याला सगळे फुल इन्शुरन्स म्हणतात त्यात थर्ड पार्टीच्या जोडीला गाडीची मोडतोड, चोरी, आग यांची भरपाई असते. सर्व्हेअर आला, टाकीमागे अडकवलेली डिलिव्हरी बॅग दिसली किंवा पोलीस पंचनाम्यात 'ऑर्डर पोहोचवत असताना' असे शब्द आले, की कंपनी क्लेम नाकारू शकते. वापराच्या अटीचा भंग झाला तरी सगळी रक्कम नाकारणं नेहमी योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या नितीन खंडेलवाल आणि २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणांत म्हटलं, आणि अशा वेळी मान्य होणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीने देण्याची वाट दाखवली. पण ही वाट ग्राहक आयोगातून जाते. ज्याचं रोजचं पोट त्या गाडीवर आहे, त्याने गाडी गॅरेजला लावून निकालाची वाट पाहायची, हे त्याला परवडणारं नाही.

थर्ड पार्टीच्या बाजूने चित्र थोडं निराळं आहे. तिथे कायदा जखमी माणसाच्या बाजूने झुकतो. अट मोडली असली तरी न्यायालयं पुष्कळदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. परमिट नसलेल्या गाडीबाबत २०१८ च्या अमृत पॉल सिंग निकालात हेच झालं. पीडिताच्या घराला पैसे मिळाले, हे चांगलंच झालं. पण मालकाच्या दृष्टीने पाहा: प्रीमियम भरलेला आहे, पॉलिसी चालू आहे आणि तरीही वसुलीची नोटीस त्याच्याच दारात.

लोक खासगी पॉलिसीवरच का राहतात, याचं कारण दरांत आहे. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये पडतात, १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६. मालवाहू तीनचाकीला ४,४९२ आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९. कर वेगळा. पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमध्ये मागची सीट काढून पार्सल भरणाऱ्याला साडेतीन हजार आणि सोळा हजार यांतला फरक दिसतो. त्या फरकात तो बेचाळीस लाखांची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो, हे त्याला दिसत नाही, कारण ते त्याला कुणी आकड्यांत मांडून दाखवलेलं नसतं.

दुचाकीवाल्याने करायचं काय? पॉलिसी काढताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी गाडी डिलिव्हरीसाठी वापरतो हे लेखी सांगायचं, ईमेलने सांगितलं तर उत्तम, आणि त्यासाठी लागणारी तरतूद पॉलिसीवर नोंदवून मागायची. काही कंपन्या धंद्याच्या दुचाकीसाठी वेगळी पॉलिसी देतात. एखादी कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे विचारायचं. एजंट 'काही होत नाही हो, सगळे असंच करतात' म्हणाला, तर हेच वाक्य लेखी द्यायला त्याला सांगावं.

आता टेम्पोवाल्याकडे येऊ, कारण तिथे गुंते जास्त आहेत. २००५ साली टाटा मोटर्सने छोटा हत्ती बाजारात आणला. त्याचं सुरुवातीचं उत्पादन याच पट्ट्यातल्या कारखान्यात झालं आणि भाड्याने टेम्पो चालवणाऱ्या एकट्या माणसाचा धंदा त्याने देशभर उभा केला. या गाडीचा एक मोठा फायदा कायद्यातला आहे. भरलेल्या मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६(३) नुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती या रेषेच्या बराच आत राहतो. मोठी पिकअप मात्र मॉडेलनुसार रेषेच्या आत किंवा बाहेर असू शकते, म्हणून शोरूमच्या तोंडी आश्वासनावर न राहता आरसीवरचं एकूण वजन पाहावं. वजन तीन टनांच्या वर असेल तर परमिटशिवाय पॉलिसीचा पाया कच्चा राहतो. फिटनेस मात्र लहान-मोठ्या सगळ्या मालवाहू गाड्यांना लागतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. एमएच-१४ पासिंगची गाडी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे नेताना विम्याची तारीख आणि फिटनेसची तारीख एकाच वहीत लिहून ठेवणारा माणूस शहाणा.

लायसनचा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याने मालवाहू टेम्पो चालवला तर विमा कंपन्या क्लेम अडवत. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चालकाच्या बाजूने निकाल दिला, कंपन्यांनी तो मान्य न करता मोठ्या पीठाकडे नेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शेवटचा शब्द दिला: साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. त्या प्रकरणात समोर होती ती बजाज अलियान्झ, म्हणजे पुण्यातच मुख्यालय असलेली विमा कंपनी. या पट्ट्यातल्या हजारो टेम्पोचालकांना दिलासा देणारा हा निकाल आहे, आणि कुणी क्लेम याच कारणाने नाकारला तर रंभा देवी निकालाचं नाव उत्तरात लिहावं.

मागे बसणाऱ्या माणसांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माल उतरवून रिकामा परत निघालेला टेम्पो चाकणहून भोसरीकडे येताना वाटेत चार-पाच कामगारांना उचलतो. कुणी वीस रुपये देतं, कुणी नुसतं हात जोडतं. भावना माणुसकीची असते. पण मालवाहू गाडीत बसलेला प्रवासी थर्ड पार्टी विम्यात धरला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कायदा मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला धरतो, कारण १९९४ च्या दुरुस्तीने तसा शब्द घातला गेला. गाडीवर कामाला ठेवलेला ड्रायव्हर आणि हमाल कर्मचारी भरपाईच्या मर्यादेपर्यंत धरले जातात, आणि त्यासाठीचा जादा प्रीमियम माणशी इतका थोडा असतो की तो न भरण्याचं काही कारण नाही. वाटेत उचललेला शेजारी मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला काही झालं तर भरपाई टेम्पोवाल्याच्या खिशातून.

गाडीतला माल हाही मोटार पॉलिसीच्या बाहेरचा आहे. टेम्पो कलंडून क्रेटमधले भाग वाकले तर ते नुकसान गाडीच्या विम्यातून मिळत नाही. त्यासाठी माल पाठवणाऱ्याने प्रवासातल्या मालाचा विमा काढलेला असावा लागतो, किंवा वाहतूकदाराने आपल्या जबाबदारीची स्वतंत्र पॉलिसी. नवं काम धरताना काम देणाऱ्याला एवढं विचारावं: माल तुमच्या विम्यात आहे की माझ्या डोक्यावर? तोंडी उत्तर मोजू नये, कामाच्या पत्रावर लिहून घ्यावं. आणि थिनर, ॲसिड, गॅस सिलिंडर यांसारखा धोकादायक माल असेल तर नियमांप्रमाणे ड्रायव्हरने वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. भाडं चांगलं मिळतंय म्हणून साध्या पॉलिसीवर असा माल भरू नये.

इतका वेळ दुसऱ्यांच्या हानीबद्दल बोललो. गाडी चालवणाऱ्याचं स्वतःचं काय? थर्ड पार्टी पॉलिसी त्याच्यासाठी नाही, हे नावातच आहे. त्याच्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे आणि आधीच तेवढा अपघात विमा असलेल्यांना सोडून तो सक्तीचा आहे. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. आता जे मिळत नाही ते पाहा. पाय मोडला, प्लेट टाकली, तीन महिने घरी बसावं लागलं, तर या विम्यातून काहीही मिळत नाही, ना दवाखान्याचं बिल, ना बुडालेली मजुरी. आणि डिलिव्हरीच्या कामात सर्वांत जास्त घडणारा अपघात हाच आहे.

दुसरी खोच नावाची आहे. हा विमा आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन आहे, त्यालाच लागू होतो. या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली कितीतरी पोरं मोठ्या भावाच्या किंवा मामाच्या नावावरच्या दुचाकीवर डिलिव्हरी करतात. गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस कायद्याच्या नजरेत मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे स्वतःच्या हातून अपघात झाला तर तो त्याच गाडीच्या पॉलिसीखाली थर्ड पार्टी म्हणून पैसे मागू शकत नाही, असा न्यायालयांचा कल निंगम्मा आणि रामखिलाडी या निकालांत दिसतो. म्हणजे भावाची गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा हवाच. तोही असा, की ज्यात तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. अर्जातल्या 'व्यवसाय' या रकान्यात डिलिव्हरी असंच लिहावं. 'नोकरी' लिहून वाचवलेले शे-दोनशे रुपये पुढे महागात पडतात.

बरीच ॲपं आपल्या पार्टनरांना गटविमा देतात. तो चांगलाच आहे, पण त्याची वेळेची अट वाचली पाहिजे. संरक्षण अनेकदा ऑर्डर चालू असताना किंवा लॉग-इन असतानाच असतं. शेवटची ऑर्डर देऊन चिखलीला घरी परतताना स्पाइन रोडवर घसरलेला पोरगा त्यात धरला जाईल का, हे त्या अटीवर ठरतं. हा विमा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे त्याने वर सांगितलेली वापराची अडचण सुटत नाही.

सरकारी बाजूला थोडी हालचाल झाली आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची पहिल्यांदा व्याख्या केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲग्रीगेटर कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, इतकी रक्कम या कामगारांसाठी द्यायची आहे आणि त्यातून अपघात विम्यासारख्या योजना उभ्या राहायच्या आहेत. हे पाऊल योग्य दिशेचं आहे. पण ॲपशिवाय, थेट वर्कशॉपच्या फोनवर भोसरी-चाकण फेऱ्या करणारा टेम्पोवाला या व्याख्येत येत नाही, आणि या पट्ट्याचं उत्पादन त्याच्याच फेऱ्यांवर चालतं. त्याच्यासाठी काम देणाऱ्या मोठ्या कारखान्यांनीच पुढाकार घ्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पुरवठादाराकडून गुणवत्तेची प्रमाणपत्रं मागणाऱ्यांना त्याच्या टेम्पोवाल्याच्या पॉलिसीची प्रत मागणं अवघड नाही, आणि त्याचा प्रीमियम भाड्यात धरणंही अवघड नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांनी आणखी एक पोटप्रश्न आणला आहे. नोंदणी होणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना थर्ड पार्टी प्रीमियममध्ये १५ टक्के सवलत आहे आणि २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने त्यांना परमिटमधूनही सूट दिली आहे. विम्यातून मात्र सूट नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी, २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची हलकी स्कूटर मोटार वाहनच समजली जात नाही, तिला ना नोंदणी ना विमा. अशा स्कूटर भाड्याने घेऊन डिलिव्हरी करणारे आता सगळीकडे दिसतात. गॅरेजवाल्याकडून तिचा वेग वाढवून घेतला की ती कायद्याने मोटार वाहन होते, तीही विना नोंदणी आणि विना विमा. तिच्याखाली कुणी सापडलं तर वरचा सगळा बेचाळीस लाखांचा हिशेब चालवणाऱ्यावर येतो. वेग न वाढवता चालवली तरी धक्का लागलेल्या माणसाची भरपाई देणारी कंपनी पाठीशी नसतेच.

जुनी किंवा नवी गाडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. दुसरं असं, की १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की आपली गाडी पाच वर्षं पूर्ण विम्यात आहे. फुल इन्शुरन्समधला नुकसानीचा भाग मात्र बहुधा वर्षाचाच असतो. तो दुसऱ्या वर्षी गुपचूप संपतो आणि गाडी चोरीला गेल्यावर लक्षात येतं. प्रीमियमचा चेक न वटल्यास पॉलिसीचाही आधार जातो, कारण १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम हातात येण्याआधी कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही.

अपघात झालाच तर कलम १३४ नुसार जखमीला दवाखान्यात नेणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जमाव चिडलेला असेल तर जागेवर थांबणं जिवावर बेतू शकतं, अशा वेळी सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठावं. क्लेम नाकारला तर कंपनीकडून कारणासह पत्र मागावं. तक्रार आधी कंपनीकडेच करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि एकट्या मालकाच्या धंद्याची तक्रारही ते ऐकतात. मुंबईला जाण्याचीही गरज नाही, विमा लोकपालाचं एक कार्यालय पुण्यातच आहे.